अथेन्सची सभा भरायची कुठे? अगोरा, प्निक्स आणि तिथे गेल्यावर काय पाहायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्रुप टूरमध्ये अथेन्सला एकच दिवस मिळाला. अक्रोपोलिस टेकडीवर जाऊन पार्थेनॉनचं देऊळ पाहिलं. मग खाली अगोरात, म्हणजे जुन्या शहराच्या चौकात गेलो, तर गवत आणि फुटके दगड. लोकशाही सुरू झाली म्हणतात ती जागा यातली नेमकी कोणती? हजारो माणसं एकत्र बसायची कशी, आवाज कसा पोचायचा? आणि पुन्हा जायचं झालं तर काय पाहावं?

मी प्राचीन ग्रीसचा इतिहास शिकवतो आणि अभ्याससहलींबरोबर तिकडे जातो. जवळजवळ प्रत्येक गटात कोणीतरी हे विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. नागरिकांची सभा, म्हणजे एक्लेसिया, भरायची प्निक्स नावाच्या टेकडीवर. ही टेकडी अक्रोपोलिसच्या पश्चिमेला, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पाचशे जणांचं मंडळ, न्यायालयं, कचेऱ्या आणि बाजार हे सगळं खाली अगोरात. पार्थेनॉनमध्ये यातलं काहीच होत नसे. टूरवाले ज्या इमारतीला सर्वांत जास्त वेळ देतात तिच्यात लोक जमत नव्हते, आणि जिथे जमत होते त्या प्निक्सवर बहुतेक टूर नेतच नाहीत.

पार्थेनॉनचं आधी उरकून घेऊ. बांधकाम इ.स.पू. ४४७ ते ४३२. आपल्याकडे देवळाला सभामंडप असतो, कीर्तनाला माणसं आत बसतात. ग्रीक देवळात तशी सोयच नसते. आत अथेना देवीची सोन्याची आणि हस्तिदंताची मूर्ती होती आणि शहराचा खजिना होता. वेदी बाहेर, उघड्यावर. बळी तिथे द्यायचे, गर्दी तिथे जमायची. आज छप्पर नाही ते काळामुळे नव्हे. सप्टेंबर १६८७ मध्ये व्हेनिसच्या सैन्याने वेढा घातला होता, तुर्कांनी आत दारूगोळा साठवला होता, आणि एक तोफगोळा नेमका त्यावर पडला. पार्थेनॉन जरूर पाहा, पण सभेची जागा म्हणून पाहू नका.

आता अगोरा. तिथे तुमची निराशा झाली, कारण तुम्ही इमारत शोधत होता. अगोराचा जीव मधल्या मोकळ्या जागेत होता आणि इमारती तिच्या कडेने उभ्या होत्या. म्हणून मी गटाला सांगतो की खांब मोजत बसू नका. लोक आत कुठून येत, कोणाला अडवत, कोणाची मोजदाद कशी करत, हे शोधा. मग तेच दगड बोलायला लागतात.

सुरुवात हद्दीच्या दगडांपासून करा. इ.स.पू. ५०० च्या सुमाराचे, कमरेएवढेही उंच नसलेले संगमरवरी दगड. त्यांवर कोरलंय, ‘मी अगोराची हद्द आहे’. दगडच स्वतःबद्दल बोलतोय. यातला एक जिथे पुरलेला होता तिथेच सापडला, आणि त्याला लागून एक छोटं घर होतं. त्या घरात जोड्यांचे खिळे आणि नाड्या ओवायच्या हाडाच्या कड्या मिळाल्या. जवळच एका पेल्याचं बूड मिळालं, त्यावर नाव होतं ‘सिमोनचा’. सॉक्रेटिस सिमोन नावाच्या जोडे शिवणाऱ्याकडे बसून गप्पा मारायचा, असं नंतरच्या लेखकांनी लिहून ठेवलंय. जागा जुळते, नावही जुळतं. मला विचाराल तर अख्ख्या अगोरात उभं राहून पाहण्यासारखा हा कोपरा पहिला. तिथे बघायला जवळपास काहीच नाही, ही गोष्ट वेगळी.

हद्द कशासाठी? एक तर घरं आणि दुकानं सार्वजनिक जागेत घुसू नयेत म्हणून. दुसरं म्हणजे आत यायचा अधिकार सगळ्यांना नव्हता. प्रवेशाच्या ठिकाणी पाण्याची संगमरवरी कुंडं असत. लढाईतून पळालेल्याला किंवा भरती चुकवलेल्याला त्या कुंडांच्या पुढे यायची बंदी होती. बाजारात परदेशी आणि गुलाम सर्रास वावरत. पण काही माणसांना, ती नागरिक असूनही, हा चौक बंद होता.

मग पश्चिमेच्या कडेला या. तिथे जमिनीवर एका मोठ्या वर्तुळाचा पाया दिसतो. ती थोलोस, इ.स.पू. ४७० ते ४६० च्या आसपासची गोल इमारत. अथेन्सच्या नागरिकांच्या दहा जमाती होत्या. प्रत्येक जमातीतून चिठ्ठ्या टाकून ५० जण, असं ५०० जणांचं मंडळ दरवर्षी निवडलं जाई. वर्षाचे दहा भाग पाडून एकेका जमातीचे ५० जण पाळीपाळीने कारभार पाहत आणि या गोल इमारतीत सरकारी खर्चाने जेवत. त्यांतले एक तृतीयांश रात्री इथेच थांबत, म्हणजे अपरात्री काही झालं तरी शहरात जबाबदार माणूस जागेवर असे. त्यांचा अध्यक्षसुद्धा चिठ्ठीनेच निवडला जाई, फक्त एका दिवसासाठी, आणि तो मान आयुष्यात एकदाच मिळे. त्या दिवसापुरत्या खजिन्याच्या किल्ल्या आणि सरकारी शिक्का त्याच्याकडे. अधिकृत वजनं-मापंही याच इमारतीत असत, कारण शेजारीच बाजार होता.

थोलोसच्या जवळच एक लांब, अरुंद चौथरा आणि त्याभोवती दगडी कठड्याचे अवशेष आहेत. गाइड इथे सहसा थांबत नाहीत. या चौथऱ्यावर दहा जमातींच्या दहा वीरांचे कांस्य पुतळे रांगेत होते. आता पुतळे नाहीत, पण महत्त्वाची गोष्ट त्यांच्या खाली होती: चौथरा हाच शहराचा सूचनाफलक. पांढऱ्या रंगवलेल्या फळ्यांवर नव्या कायद्यांचे मसुदे, भरतीच्या याद्या, न्यायालयातल्या तारखा लिहून टांगत. आपल्या जमातीच्या वीराखाली जाऊन आपलं नाव पाहायचं. स्मारक आणि फलक एकाच ठिकाणी ठेवायची ही युक्ती मला फार हुशारीची वाटते, कारण रोज कामासाठी बघावं लागणारं स्मारक कोणी विसरत नाही.

उत्तरेच्या बाजूला रेल्वेने घोळ केलाय. अथेन्सहून पिरेयस बंदराला जाणारी लाइन एकोणिसाव्या शतकात वाढवताना रूळ थेट अगोराच्या उत्तर भागातून गेले. बारा देवांची वेदी, जिथून शहरापासूनची अंतरं मोजत, ती या रुळांखाली गेली. तिचा एक कोपरा तेवढा बाहेर दिसतो. रुळांच्या पलीकडे राजस्तोआ नावाची इमारत आहे, १९७० मध्ये सापडलेली. धार्मिक बाबी पाहणारा अधिकारी तिथे बसे, आणि इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसवरचा आरोप ऐकायला त्याला तिथेच बोलावलं होतं. आत जायची गरज नाही, आद्रियानू रस्त्यावरून वाकून पाहिलं तरी दिसते. त्याच रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला चित्रस्तोआचा कोपरा खोदून काढलाय. मॅरेथॉनच्या लढाईचं प्रसिद्ध चित्र तिथे होतं, आणि पुढे झेनो हा तत्त्वज्ञ तिथे शिकवू लागला.

स्तोआ म्हणजे लांबच लांब ओसरी: मागे भिंत, पुढे खांबांची रांग. ऊन, पाऊस आणि उत्तरेचा वारा चुकवून माणसांनी उभं राहावं, एवढाच हेतू. ती अनुभवायची असेल तर पूर्वेच्या अत्तालोसच्या स्तोआत अर्धा तास बसा. मूळची इमारत पर्गामॉनचा राजा दुसरा अत्तालोस याने इ.स.पू. दुसऱ्या शतकात शहराला दिली होती. आज उभी आहे ती १९५३ ते १९५६ मध्ये जुन्या पायावर पुन्हा बांधलेली, मुख्यतः रॉकफेलर यांच्या पैशाने. काही जाणकार या पुनर्बांधणीला नाकं मुरडतात. माझं मत उलट आहे. जुलैच्या दुपारी त्या ओसरीच्या सावलीत शिरल्याशिवाय ग्रीकांनी एवढ्या स्तोआ का बांधल्या हे पुस्तकातून कळत नाही.

अगोराचं संग्रहालयही याच इमारतीत आहे आणि ते सोडू नका. मोठ्या मूर्ती फारशा नाहीत, म्हणून टूरवाले दहा मिनिटांत बाहेर काढतात. पण अथेन्सची व्यवस्था चालायची कशी ते इथल्या किरकोळ वस्तूंतच कळतं. खाचांच्या रांगा असलेली एक संगमरवरी शिळा आहे. खाचांमध्ये उमेदवारांच्या नावाच्या पट्ट्या खोवायच्या आणि बाजूच्या नळीतून काळे-पांढरे गोळे सोडायचे. ज्या रांगेला पांढरा गोळा येईल ती निवडली जाई. एक साधं मातीचं भांडं आहे, तळाशी बारीक भोक. त्यातलं पाणी सुमारे सहा मिनिटांत संपतं. न्यायालयात तेवढाच वेळ बोलायला. पंचांनी मत द्यायच्या कांस्याच्या चकत्याही आहेत. प्रत्येकीच्या मधोमध एक दांडी, कोणाची भरीव तर कोणाची पोकळ. भरीव आरोपीच्या बाजूने, पोकळ फिर्यादीच्या. दांडीची टोकं अंगठा आणि बोटात धरली की कोणती चकती टाकली ते शेजारच्यालाही कळत नाही. गुप्त मतदानाची इतकी स्वस्त आणि पक्की सोय मी दुसरी पाहिलेली नाही. आणि मुलं बरोबर असतील तर त्यांना इ.स.पू. सहाव्या शतकातली लहान बाळाची मातीची शी-शूची बैठक दाखवा. बाकी संग्रहालय ती विसरतील, हे विसरणार नाहीत.

तिथल्याच खापऱ्यांसमोर थोडं थांबा. वर्षातून एकदा सभेला विचारलं जाई, यंदा कोणाला दहा वर्षांसाठी शहराबाहेर काढायचं का? हो म्हटलं तर ठरल्या दिवशी अगोराच्या एका भागाला कुंपण घालून जमातींप्रमाणे दहा वाटा ठेवत. प्रत्येकाने फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर एक नाव खरवडून आणायचं. भाषण नाही, आरोपपत्र नाही. किमान ६,००० खापऱ्या लागत. ज्याची हकालपट्टी होई त्याची मालमत्ता शाबूत राही. थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याचं नाव असलेल्या १९० खापऱ्या अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावर एका विहिरीत सापडल्या, आणि अक्षर तपासल्यावर दिसलं की त्या मोजक्या चौदा-एक हातांनी लिहिल्या आहेत. म्हणजे कोणीतरी आधीच लिहून वाटायला तयार ठेवल्या होत्या. लोकशाहीबरोबर प्रचारयंत्रणाही त्याच मातीत निघाली!

मग आज अगोराचा मधला भाग मोकळा का वाटत नाही? कारण तो रोमन काळात भरला. इ.स.पू. १५ च्या सुमारास रोमन सेनापती आग्रिप्पाने बरोबर मध्यभागी हजारभर लोकांचं बंदिस्त सभागृह बांधलं. युद्धाचा देव आरेस याचं एक आख्खं देऊळ दुसऱ्या गावाहून दगड-दगड सुटा करून इथे आणून उभारलं. जिथे खरे निर्णय होणं थांबलं तिथे गर्दीसाठी जागा राखायची गरजही उरली नाही, असं मी याचं कारण लावतो. ज्या भल्यामोठ्या धिप्पाड पुतळ्यांसमोर सगळे फोटो काढतात ते या सभागृहाच्या नंतरच्या दुरुस्तीतले आहेत, पेरिक्लीसच्या काळाशी त्यांचा काही संबंध नाही.

आता प्निक्स. अगोरातून बाहेर पडून टेकडीवर चढायचं. वर गेल्यावर एक मोठा उतरता चौक, खडकातच कोरलेला पायऱ्यांचा ओटा आणि खालच्या अंगाला प्रचंड दगडांची गोलाकार भिंत, बस्स एवढंच. ओटा म्हणजे बेमा, वक्त्याची जागा. त्यासमोर मोकळ्यावर नागरिक बसत. इ.स.पू. चौथ्या शतकात वर्षाला ४० सभा होत, पहाटेपासून. आधी डुकराचा बळी देऊन जागा शुद्ध करायची, मग दवंडीवाला विचारी, ‘कोणाला बोलायचंय?’ मतं हात वर करून.

नागरिकत्व देण्यासारख्या काही निर्णयांना किमान ६,००० जण हवे असत. चौथ्या शतकात प्रौढ पुरुष नागरिक वीस ते तीस हजारांच्या घरात होते. प्निक्सच्या पहिल्या दोन बांधणींत साधारण सहा-सात हजार माणसं मावत. म्हणजे सगळे नागरिक आले असते तर जागाच पुरली नसती, आणि हे अथेन्सवाल्यांना ठाऊक होतं. स्त्रिया, गुलाम आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारे परदेशी यांना तर तिथे स्थानच नव्हतं. ‘सगळं शहर जमायचं’ असं वाक्य गाइडच्या तोंडून ऐकलंत तर हा हिशेब मांडा.

माणसं आपण होऊन येत असंही नाही. अॅरिस्टॉफनीसच्या नाटकात बाजारात रेंगाळणाऱ्यांना लाल रंगाने माखलेल्या दोराने सभेकडे हाकलतात. कपड्याला रंग लागला की चोरी उघड. पुढे इ.स.पू. ४०० च्या सुमारास सभेला येण्याबद्दल पैसे मिळू लागले, आधी एक ओबोल (छोटं नाणं), काही वर्षांतच तीन. त्यानंतर दोराची गरज कमी झाली असावी.

इथे एक गमतीची गोष्ट आहे. सुरुवातीला लोक डोंगराच्या नैसर्गिक उतारावर, खाली अगोराकडे तोंड करून बसत आणि वक्ता खालच्या बाजूला उभा राही. पाचव्या शतकाच्या अखेरीला हे सगळं उलटं फिरवलं. खालच्या अंगाला भिंत घालून भराव टाकला, वक्ता वर गेला आणि लोकांची पाठ शहराकडे झाली. नंतरचा लेखक प्लुटार्क सांगतो की हे त्या वेळी सत्ता बळकावलेल्या तीस हुकूमशहांनी केलं, वक्त्याला समुद्र दिसू नये म्हणून, कारण आरमारामुळे लोकशाही माजते असं त्यांचं मत. कथा छान आहे. पण तीस जणांची सत्ता वर्षभरही टिकली नाही, आणि ज्यांना सभाच नको होती त्यांनी सभेसाठी एवढा भराव का घालावा? मला दुसरं कारण पटतं. नव्या रचनेत आत यायला जिने होते, वाट ठरलेली होती. पैसे वाटायचे तर माणसं मोजावी लागतात, आणि मोजायची तर त्यांना चिंचोळ्या वाटेने आत घ्यावं लागतं. शिवाय उत्तरेचा बोचरा वारा श्रोत्यांच्या तोंडावर येणं थांबलं. आज दिसते ती भिंत आणि बेमा तिसऱ्या, मोठ्या बांधणीतले, चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातले; दिशा मात्र दुसऱ्या बांधणीचीच.

आवाजाचं म्हणाल तर प्निक्स त्या बाबतीत फार बरी जागा नव्हती. उघडं मैदान, वारा, आणि उतारही नाट्यगृहासारखा तीव्र नाही. खड्या आवाजाच्या माणसाचं फावत असणार. कदाचित म्हणूनच पुढच्या काळात सभा हळूहळू अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावरच्या डायोनिसस देवाच्या नाट्यगृहात भरू लागली. तिथे दगडी बैठका होत्या आणि आवाजही चांगला पोचत असे. ते नाट्यगृह पाहताना पुढच्या रांगेतली संगमरवरी सिंहासनं पाहा. मधलं डायोनिससच्या पुजाऱ्याचं आहे. शेजारचं हेरोडिस अॅटिकसचं ओडिऑन, जिथे वर्षानुवर्षं उन्हाळ्यात संगीताचे कार्यक्रम होत आले, ते इ.स. दुसऱ्या शतकातलं, रोमन काळातलं आहे. पोस्टकार्डांवर ते ‘ग्रीक थिएटर’ म्हणून छापतात, तिकडे लक्ष देऊ नका.

छप्पर घालून मोठी सभा भरवायचा प्रयत्न ग्रीकांनी केलाच नाही असं नाही. पेलोपोनीसमधल्या मेगालोपोलिसला इ.स.पू. चौथ्या शतकात थर्सिलिऑन नावाचं सभागृह होतं. छपरासाठी खांब तर हवेत, पण खांब आले की वक्ता दिसत नाही. त्यांनी खांब वक्त्याच्या जागेपासून निघणाऱ्या किरणांच्या रेषेत लावले, म्हणजे नजर दोन रांगांमधून सरळ जाई. आज तिथे फक्त खांबांची बुडं आहेत. आर्किटेक्ट असाल तरच वाट वाकडी करा.

ऑलिंपियाला जाणार असाल तर एक जागा सांगून ठेवतो. धावपट्टी १९२ मीटरची आहे आणि प्रेक्षक मातीच्या उतारावर बसत. दगडी बैठका फक्त पंचांना. पण मैदानात शिरायच्या वाटेवर डाव्या हाताला रिकाम्या चौथऱ्यांची रांग आहे. तिथे झ्यूसचे कांस्य पुतळे होते, स्पर्धेत लबाडी करणाऱ्यांच्या दंडातून उभारलेले. पहिले सहा इ.स.पू. ३८८ मध्ये, युपोलस नावाच्या मुष्टियोद्ध्याने प्रतिस्पर्ध्यांना लाच दिली त्याचा आणि त्यांचा दंड. काही पुतळ्यांखाली त्याची कारणं कोरली होती. प्रत्येक खेळाडू त्यांच्यासमोरूनच मैदानात जाई. विजयाची स्मारकं सगळीकडे असतात. लाचेचं स्मारक, तेही प्रवेशद्वाराशी, मला इथेच भेटलं.

पुन्हा जाल तेव्हाचा क्रम असा ठेवा. सकाळी अगोरा उघडताच आत शिरा, हद्दीचे दगड, थोलोस, वीरांचा चौथरा पाहा, उन्हं चढली की संग्रहालयात. ‘रोमन अगोरा’ असं लिहिलेली जवळची वेगळी जागा आहे, वाऱ्याच्या मनोऱ्याजवळ. ती सीझर आणि ऑगस्टसच्या पैशाने झालेली बाजारपेठ. तिकीट काढताना गल्लत करू नका, अनेक जण करतात. दुपारनंतर प्निक्स. तिथे तिकीट लागत नाही. वाटेत ‘सॉक्रेटिसचा तुरुंग’ म्हणून खडकातल्या खोल्या दाखवतील, त्याला काही पुरावा नाही, पुढे चला. बेमाजवळ गेलात की गटातल्या एकाला तिथून बोलायला सांगा आणि बाकीच्यांनी मागे सरकत भिंतीपर्यंत जा. आवाजाच्या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत मिळेल. अक्रोपोलिसजवळचा आरेओपागस नावाचा खडक घासून गुळगुळीत झालाय, त्यावर चढताना घसरणारे बूट घालू नका, आणि प्निक्सवर दुकान नाही, तेव्हा पाणी खालूनच भरून घ्या.